वर्किंग डेला झटपट सी-फूड चाउडर, बेळगावात मिळणाऱ्या माशांत कसं करायचं?

टिळकवाडीची_वैनी

नमस्कार मंडळी. मिस्टर मर्चंट नेव्हीत आहेत, बोटीवर आणि तिकडच्या बंदरांवर त्यांनी चाउडर भरपूर खाल्लंय, म्हणजे दूध-क्रीममधलं दाटसर सूप, आत बटाट्याच्या फोडी, कांदा, शिंपल्या, कोळंबी, माशाचे तुकडे, एक वाडगं घेतलं की जेवणच झालं म्हणतात. आता सुट्टीवर आलेत तर तेच पाहिजे, आणि त्यांचं वर्णन ऐकून पोरंपण मागं लागलीत. रविवारी आमच्यात कालवण-भात आणि तळलेला बांगडाच होतो, त्यात बदल कुणाला चालत नाही, त्यामुळं हे करायचं तर मंगळवारी नाहीतर बुधवारी किंवा शुक्रवारी (सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्यात खात नाहीत), आणि मी बँकेतनं घरी येईपर्यंत सात वाजतात, साडेआठला पानं मांडायची असतात. तेवढ्यात होतंय का हे?

यूट्यूबवर बघितलं तर कोण क्लॅम ज्यूसची, म्हणजे शिंपल्यांच्या पाण्याची, बाटली ओततंय, कोण बेकन तळतंय, हे सगळं बेळगावात शोधत फिरायला वेळ नाही. मासे मी कॅम्पातनं आणते, गोव्याचा आणि कारवारचा माल असतो तो. त्यातलं नेमकं काय घेऊ? घरात क्रीम रोज असतंच असं नाही, दूध मात्र असतं. दूध फाटू नये म्हणून काय करायचं तेपण सांगा, कारण कोळंबीचं पाणी खारट आणि खारटात दूध टिकत नाही असं ऐकलंय.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न सासूबाईंचा. मासे त्या आवडीनं खातात, पण मासे आणि दूध एका जेवणात नको, अंगावर कोड येतं असं त्यांचं ठाम मत आहे. दूध पडलेलं दिसलं तर त्या जेवणार नाहीत आणि पोरांनापण खाऊ देणार नाहीत. मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही आणि त्यांना एकटीला पिठलं-भात वाढून आम्ही बाकीच्यांनी चाउडर खायचं हेही मला जमणार नाही. मार्ग असेल तर सांगा की कुणीतरी.

कॅम्पातला_खवय्या

वैनी, आरामात होतंय. सातला घरी आलात तर आठला तयार, फक्त रविवारी मासे आणता तेव्हाच थोडं काम उरकून ठेवायचं.

पहिलं म्हणजे कोळंबी सोललेली घेऊ नका. डोकं आणि साल सकट घ्या, घरी सोला, काळा दोरा काढा आणि ती सालं-डोकी टाकून न देता पिशवीत घालून फ्रीझरला टाका. तुमच्या त्या बाटलीतल्या क्लॅम ज्यूसचं काम हीच करतात आणि माझ्या मते जास्त चांगलं करतात. लोक चाउडर म्हटलं की क्रीमच्या मागं लागतात, पण क्रीम कितीपण ओता, खालचं पाणी बेचव असलं तर ते दुधातलं बटाट्याचं सूप होतं, मासा कुठंच लागत नाही. चव येते ती सालांच्या पाण्यानं आणि दाटपणा येतो बटाट्यानं, क्रीम शेवटी थोडं पडलं तर छान, नाही पडलं तरी अडत नाही.

मासा घट्ट आणि पांढऱ्या मांसाचा पाहिजे. चणक मिळाला तर डोळे झाकून घ्या, नाहीतर तांबोशी, रावस, सुरमई. कापून देणाऱ्याला सांगा की काटे काढून, कातडं काढून दीड-दीड इंचाचे तुकडे पाहिजेत, गर्दी नसली तर करून देतात. मुडदुशी गोड असते पण यात भुगा होऊन जाते. बांगडा आणि तारली यात अजिबात घालू नका, तेलकट मासा दुधात उग्र वास मारतो, त्यांची जागा तव्यावर. डोळा चकचकीत, कल्ले लाल, बोटानं दाबलं की मांस परत वर येतं, हे बघूनच घ्या, कारण मसाल्याच्या कालवणात थोडा शिळा मासा खपून जातो, इथं लपायला मसालाच नाही.

आता चौघांचं प्रमाण. पाव किलो कोळंबी, पाव किलो मासा, तीन मध्यम बटाटे, एक मोठा कांदा, चार लसूण पाकळ्या, असलंच तर एक गाजर आणि मूठभर मक्याचे दाणे.

घरी आल्या आल्या कपडे बदलायच्या आधीच एका पातेल्यात चमचाभर बटरवर ती सालं-डोकी टाका, गॅस मोठा. मिनिटभरातच राखाडी रंग जाऊन सगळं केशरी होतं आणि वास घरभर सुटतो, तेव्हा डावानं डोकी दाबून दाबून ठेचायची, त्यातलं लालसर तेल बटरमध्ये उतरलेलं दिसतं, सगळी चव त्याच्यात असते. मग चार कप पाणी, कांद्याचा एक तुकडा, पाच-सहा मिरीदाणे. बारा ते पंधरा मिनिटं उकळायचं, त्याच्यापेक्षा जास्त नको, कडवट होतं. हे होईपर्यंत बाकीचं चिरून होतं. सालांचं पाणी रविवारीच करून फ्रीझ केलं तर इथंच वीस मिनिटं वाचतात.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे बटर, बारीक कांदा, लसूण, सेलरी मिळाली तर तिचे दांडे नाहीतर कोथिंबिरीचे दांडे बारीक चिरून. मंद गॅसवर कांदा मऊ करायचा, लाल करायचा नाही. त्यात दोन मोठे चमचे मैदा, दीड-दोन मिनिटं परतायचा, कच्चा वास गेला पाहिजे पण रंग पांढराच राहिला पाहिजे. आता गाळलेलं पाणी थोडं थोडं घालत हलवत राहायचं, तीन कप पुरतं. बटाट्याच्या अर्ध्या इंचाच्या फोडी, गाजर, मका, अर्धं तमालपत्र (आपलं तमालपत्र दालचिनीसारखं लागतं, पूर्ण घातलं तर पुलावाचा वास येतो). दहा-बारा मिनिटांत सुरी आरपार जाते. मग चार-पाच फोडी डावानं पातेल्याच्या कडेला चेपून रगडून टाका. बघता बघता रस्सा जड होतो आणि चमच्याच्या पाठीवर थर धरतो.

मासा आता. तुकडे घालून तीन-चार मिनिटं, चमचा फिरवायचा नाही, पातेलंच धरून हलवायचं. वरनं कोळंबी, दोन मिनिटं. अर्धगोल वळली की झाली, पूर्ण वेटोळं झालं म्हणजे चिवट झाली.

गॅस अगदी बारीक करून दीड कप दूध, आधी तापवून कोमट केलेलं, आणि असलं तर अर्धा कप फ्रेश क्रीम. यानंतर उकळी आणायचीच नाही. कडेला बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद. ताजी भरड मिरी, चव बघून मीठ, झाकण ठेवून पाच मिनिटं तसंच.

दूध फाटतं ते खारटापेक्षा आंबटानं आणि जोराच्या उकळीनं. मैदा आणि बटाट्याचा स्टार्च आत असला की दूध बऱ्यापैकी सांभाळून घेतलं जातं म्हणून तो क्रम मोडू नका. लिंबू कुणाला पाहिजे असेल तर वाडग्यात पिळू दे, पातेल्यात नको. कोकम, टोमॅटो तर नाहीच. आणि दूध फुल क्रीम घ्या, त्यात 6 टक्के फॅट असतं, टोन्डमध्ये 3 टक्केच, ते पातळपण लागतं आणि फाटतंपण लवकर. अमूलच्या फ्रेश क्रीममध्ये 25 टक्के फॅट आहे, ते या उष्णतेला सहज टिकतं.

सासूबाईंच्या प्रश्नात मी पडत नाही, त्यावर इथल्या बायकाच नीट सांगतील.

शहापूरची_आक्का

वैनी, मी सांगते. खवय्यांची रेसिपी परत एकदा वाचून बघा, दूध सगळ्यात शेवटी पडतंय. म्हणजे कोळंबी शिजली त्या क्षणाला सासूबाईंचं वाडगं आधी भरून बाजूला काढून ठेवायचं, मग उरलेल्यात दूध घालायचं. त्यांच्या वाडग्यात दुधाचा थेंब नाही, तरी तोच मासा, तोच बटाटा, तोच रस्सा. एकाच पातेल्यातलं सगळी जेवतात. बटर त्यांना चालतं का तेवढं आधी विचारून घ्या, काहीजणींना लोणी-तूप चालतं आणि दूध चालत नाही, काहीजणींना तेही नको असतं. नको म्हणाल्या तर पहिल्यापासनं तेलावर करा, काही बिघडत नाही.

आणि पोरांचं म्हणाल तर त्यांना आधी सासूबाईंच्या समोर वाढू नका, पण लपवूपण नका. लपवलेलं कळलं की पुढं तुमच्या हातचं काहीच विश्वासानं खाणार नाहीत त्या. मी तर म्हणते आधी मिस्टरांनाच आईशी बोलू दे. त्यांची आई आहे, आणि हौसपण त्यांचीच आहे.

कोडाबद्दल बोलायचं तर ते आपल्या शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते त्यामुळं होतं, मासे-दूध खाल्ल्यामुळं होतं असा पुरावा नाही. तो संसर्गपण नाही. आमच्या जवळच्या नात्यात कोड आहे आणि त्या मुलीला लहानपणापासनं 'काय खाल्लंस' हा प्रश्न ऐकावा लागलाय, म्हणून हे मुद्दाम लिहिते. पण सासूबाईंनी हे मनानं काढलेलं नाही हेपण खरंय, मासे-दूध विरुद्ध आहार म्हणून चरकसंहितेत सांगितलेलंच आहे, आणि पिढ्यान् पिढ्या घराघरांत तेच ऐकत आलेत सगळे. ज्यांनी जन्मभर पाळलंय त्यांना एका संध्याकाळी पटवायला जाऊ नये. वेगळं वाडगं हा साधा सरळ मार्ग आहे.

खानापूरची_सून

मी जरा वेगळं सांगते, रागावू नका खवय्या. आमच्यात पण दूध चालत नाही, आम्ही नारळाच्या दुधात करतो आणि मग कुणाला वेगळं वाडगं काढायचंच काम नाही, सगळ्यांना एकच. नारळ किसून पहिलं घट्ट दूध एक वाटी बाजूला ठेवायचं, दुसरं पातळ दूध बटाटे शिजवायला सालांच्या पाण्यात मिसळायचं, शेवटी घट्ट दूध घालून गॅस बंद. मैद्याऐवजी तांदळाची पिठी एक चमचा पाण्यात कालवून लावली तरी दाट होतं. आल्याचा छोटा तुकडा आणि एक हिरवी मिरची उभी चिरून घालते मी, मिरी तर आहेच. घाई असली तर टेट्रा पॅकमधलं नारळाचं दूध मिळतं, त्यातला घट्ट भाग शेवटी घालायचा.

कॅम्पातला_खवय्या

रागावायचं काय त्यात, खानापूरवैनी. चवीला ते भारीच होणार, फक्त हळद घातली की गोव्याचं काल्दीन, म्हणजे नारळाच्या दुधातलं पिवळं कालवण, झालं ते. चाउडरमध्ये बटर, दूध आणि मिरीची जी एक सौम्य चव असते ती नारळ आला की मागं पडते, नारळ सगळ्यावर बसतो. टिळकवाडीच्या वैनींच्या मिस्टरांना बोटीवरची चव पाहिजे, त्यांना हे दिलं तर आवडेल, पण 'हे ते नव्हे' म्हणतील. म्हणून माझं मत वाडगं वेगळं काढायलाच.

खानापूरची_सून

हळद मी घालतच नाही. आणि रोजच्या धावपळीत घरातल्या सगळ्यांना एकच पातेलं वाढता येणं हे चवीच्या थोड्याशा फरकापेक्षा मोठं आहे असं मला वाटतं. असो, वैनी दोन्ही करून बघतील.

अनगोळकर_बोस्टन

मी मूळचा अनगोळचा, आता कामानिमित्त बोस्टनला असतो, आणि चाउडरवर बेळगावची मंडळी बोलताना बघून इतका आनंद झाला की काम बाजूला ठेवून लिहितोय.

इथं न्यू इंग्लंडमध्ये जे मिळतं ते पांढरं, दुधातलं, मुख्य शिंपल्यांचं. मूळचं हे कोळ्यांचं आणि खलाशांचं जेवण, खारवलेलं डुकराचं मांस, कांदा, मासा आणि जहाजावरची कडक बिस्किटं एकावर एक थर लावून शिजवायचे. दूध आणि बटाटा दोन्ही नंतर आले. बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात 1751 साली छापलेली कृती आहे, ती तर कवितेत आहे, आणि तिच्यात दूध नाही, बटाटापण नाही, दाटपणाला बिस्किटंच.

म्हणून आक्कांनी जे सांगितलं ते वाचून मला एकदम पटलं. शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्यात आजही चाउडर दुधाशिवायच करतात, शिंपल्यांच्या पाण्यातलं, पातळ, पारदर्शक, बटाटा-कांदा घालून. तिथले लोक त्यालाच खरं चाउडर म्हणतात. तेव्हा वैनी, सासूबाईंना दिलेलं वाडगं हे काही अर्धवट काढून ठेवलेलं नाही, तेही पूर्ण चाउडरच आहे, फक्त दुसऱ्या गावचं. त्यांना तसंच सांगा. न्यूयॉर्ककडचं मॅनहॅटन चाउडर तर टोमॅटोचं लालभडक असतं, त्यातही दूध नाही. न्यू इंग्लंडवाल्यांना ते इतकं खटकतं की 1939 साली मेन राज्याच्या विधिमंडळात चाउडरमध्ये टोमॅटो घालण्यावर बंदी आणायचं विधेयक एका सदस्यानं मांडलं होतं.

एक राहिलंच. वरनं छोटी खारी बिस्किटं टाकतात इथं, षटकोनी, बोराएवढी. तिकडं मोनॅको बिस्किटं मोडून टाका, काम होतं. पण मला विचाराल तर आपल्या बेकरीतला कडक पाव तव्यावर बटर लावून भाजून बुडवून खायचा, इथल्या कुठल्याही क्रॅकरपेक्षा तो सरस आहे.

बेकनचं टेन्शन घेऊ नका. त्याचं काम एवढंच की थोडा धुरकट, खारट वास यावा. त्याशिवाय कितीतरी लोक करतात.

निपाणीकर

सगळं झकास चाललंय पण एक गोष्ट कुणीच बोलंना. पावसाळ्यात काय करायचं? 1 जून ते 31 जुलै कर्नाटकात आणि गोव्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, आणि नेमका त्याच दिवसांत पाऊस धो धो, गरम सूप प्यायची इच्छा तेव्हाच. त्या दिवसांत बाजारात समुद्राचं म्हणून जे दिसतं त्यात बर्फातलं लांबनं आलेलं बरंच असतं, भाव पण चढलेला.

आमी निपाणीकडची माणसं नदीचा मासा खाणारी. मरळ आणा. काटे कमी, मांस घट्ट, पांढरं, शिजून फुटत नाही. रोहू-कटला चवीला चांगले पण बारीक काटे एवढे की सुपात पोरांना द्यायला भीती वाटते. मरळ मिळाली तर तिचं डोकं आणि मधला काटा पाण्यात टाकून वीस मिनिटं उकळा, कोळंबीच्या सालाचं काम तेवढ्यावर भागतंय. चिखलाचा वास येतोय वाटलं तर तुकड्यांना मीठ आणि लिंबू लावून दहा मिनिटं ठेवा, आणि मग पाण्यानं नीट धुवून घ्या, न धुता टाकला तर तेच लिंबू दूध फाडतंय. सोबत फ्रोझन कोळंबीचं पाकीट. पाकीट बंद ठेवूनच थंड पाण्यात वीसेक मिनिटं बुडवून ठेवायचं, गरम पाण्यात नको, बाहेरनं शिजते आणि आत बर्फ राहतोय.

आणि बटाटा. बेळगाव तालुक्यातला पावसाळी बटाटा सप्टेंबर-ऑक्टोबरला निघतो, ताजा असतो तेव्हा फोडी अखंड राहतात, चेपून दाटपणा कमी येतो. त्यासाठी चार-पाच फोडी जुन्या साठवणीतल्या बटाट्याच्या मिसळा, त्या आपोआप विरघळतात. ताजा जवारी बटाटा चवीला वरचढ आहे, त्याला सोडू नका.

टिळकवाडीची_वैनी

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार. आक्का, वेगळ्या वाडग्याचं मला सुचलंच नव्हतं, आणि अनगोळकरांनी तर त्याला नावगावपण मिळवून दिलं. मिस्टरांना वाचून दाखवलं, ते म्हणाले मीच आईला सांगतो, ऱ्होड आयलंडला माझी बोट लागली होती म्हणून. बटर सासूबाईंना चालतं, विचारून घेतलं.

अजून दोन शंका. तिसऱ्या घालाव्यात का? कॅम्पात दिसतात, मिस्टरांना शिंपल्या पाहिजेतच. पण त्यातली वाळू काढत बसायला वर्किंग डेला वेळ कुठला. आणि मैदा नको असेल तर?

कॅम्पातला_खवय्या

तिसऱ्या घाला की, त्यांच्याशिवाय मिस्टरांना चुकल्यासारखं वाटेल. पण त्या रविवारीच उरका. आणल्या की आधी बघायचं, तोंड मिटलेल्या पाहिजेत. एखादी उघडी दिसली तर टकटक करा, मिटली तर जिवंत आहे, नाही मिटली तर टाकून द्या. मिठाच्या पाण्यात तास-दोन तास ठेवल्या की बरीचशी वाळू सोडतात. मग खळखळून धुवून, पातेल्यात अर्धा कप पाणी, झाकण, मोठा गॅस, चार-पाच मिनिटांत तोंडं उघडतात. न उघडलेली खायची नाही, जबरदस्तीनं उघडून तर नाहीच. आतलं मांस काढून डब्यात, आणि खाली जे दुधाळ पाणी राहतं ते सोन्यासारखं जपा. पातेलं पाच मिनिटं स्थिर ठेवलं की उरलेली वाळू बुडाला बसते, वरचं पाणी हळूच ओतून घ्यायचं, तळातला चमचाभर सोडून द्यायचा. मांस आणि पाणी दोन्ही फ्रीझरला.

मंगळवारी सालांच्या तीन कप पाण्यातलं एक कप कमी करून त्याजागी हे घाला. पण मग मीठ आधी अजिबात नको, हे पाणी समुद्राइतकं खारट असतं. शेवटी चाखूनच. मांस आधीच शिजलेलं आहे, त्यामुळं ते कोळंबीच्याही नंतर, फक्त गरम होण्यापुरतं. आणि सासूबाईंचं वाडगं भरायच्या आधी घाला, त्यांच्या वाट्याला पण आलं पाहिजे.

मैदा नको तर सोडून द्या, एक बटाटा जास्त घाला आणि जास्त फोडी चेपा. दूध घालताना मात्र दुप्पट काळजी, कारण सांभाळायला मैदा नाही. दुधात चमचाभर कॉर्नफ्लोअर कालवून, मंद गॅसवर हलवत घातलं तर तेही चालतं, फक्त ते कच्चं लागू नये म्हणून नीट गरम होऊ द्या.

शहापूरची_आक्का

एक महत्त्वाचं सांगायचं राहिलं. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांत कुणाला कोळंबी-शिंपल्यांची ॲलर्जी आहे का ते विचारून घ्या. नुसता मासा खाणाऱ्यांना तो सोसतो आणि सालांच्या पाण्यानं मात्र ओठ सुजतात असं होऊ शकतं, आणि त्या रश्श्यात साल दिसत नाही त्यामुळं त्यांना कळतपण नाही.

वडगावचा_विद्यार्थी

मी एकटाच राहतो, रूमवर एक इंडक्शन आणि एक छोटा कुकर. चौघांचं करून फ्रीजला ठेवलं तर दोन दिवस चालेल का? आणि कुकरमध्ये होतं का?

कॅम्पातला_खवय्या

कुकरमध्ये बटाट्यापर्यंतच. कांदा परतून, मैदा, पाणी, बटाटे घालून एक शिट्टी, वाफ गेल्यावर झाकण काढून पुढचं उघड्यावर. मासा-कोळंबी कुकर बंद करून शिजवलीस तर वाया गेली समज.

ठेवायचं असेल तर दूध आणि मासा घालायच्या आधीचं ठेव. बटाट्याचा रस्सा निम्मा डब्यात काढायचा, फ्रीजला दोन दिवस आरामात राहतो, मासा-कोळंबी फ्रीझरला वेगळी. दुसऱ्या दिवशी रस्सा उकळला, मासा टाकला, दूध टाकलं, दहा मिनिटांत ताजं. दूध घातलेलं उरलंच तर दुसऱ्या दिवशीपर्यंतच, आणि गरम करताना इंडक्शन सगळ्यात कमीवर, वाफ आली की बस. दूध घातलेलं फ्रीझ करू नको, सुटल्यावर पाणी वेगळं आणि कण वेगळे होतात, बटाटापण भुसभुशीत होतो.

टिळकवाडीची_वैनी

मस्त. मग रविवारी कोळंबी सालासकट, तिसऱ्या आणि चणक नाहीतर तांबोशी. मंगळवारी करते. खानापूरवैनी, शुक्रवारी तुमचं नारळाचं.

खानापूरची_सून

शुक्रवारी करणार असाल तर नारळ गुरुवारी रात्रीच किसून फ्रीजला ठेवा. आणि शुक्रवारसाठीचा मासा रविवारीच फ्रीझरला टाकलेला असू दे, गुरुवारी रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवा, संध्याकाळपर्यंत नीट सुटलेला असतो. डब्यात तळाला पाणी साठतं ते टाकून, तुकडे पुसून मगच रश्श्यात घाला.